दोन संस्थांच्या मेल सर्व्हरमध्ये टीएलएस सक्तीचं कसं करायचं

एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट रोज एका हॉस्पिटलला मेलने जातात असं धरू. हॉस्पिटलकडून पत्र येतं की यापुढे आपल्यातला मेलव्यवहार एन्क्रिप्टेड असलाच पाहिजे, तशी लेखी हमी द्या. वाटेतला मेल असा एन्क्रिप्ट करणारा, म्हणजे तिसऱ्याला वाचता येऊ न देणारा, प्रोटोकॉल म्हणजे टीएलएस. लॅबचा मेल सर्व्हर लिनक्सवर, पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे आणि तो सांभाळणारा या कामात नवा आहे. पुढचं सगळं त्याच्यासाठी. नमुन्यादाखल डोमेन घेतली आहेत लॅब.एक्झाम्पल आणि हॉस्पिटल.एक्झाम्पल. सेटिंगची आणि आज्ञांची नावं इथे देवनागरीत आहेत. प्रत्यक्षात ती रोमनमध्ये, लहान अक्षरांत लिहायची, आणि सेटिंगच्या नावांत शब्दांमध्ये अंडरस्कोर द्यायचा. सेटिंगच्या नावांत फक्त ‘सीए’ ही दोन अक्षरं कॅपिटल.

आज नेमकं काय होतं

तुमचे बहुतेक मेल आजही एन्क्रिप्ट होऊनच जात असतील. अडचण अशी की ते ‘जमलं तर’ या बोलीवर होतं.

एसएमटीपी, म्हणजे सर्व्हरमध्ये मेल पोचवण्याचा प्रोटोकॉल, 1982 चं आहे आणि त्यात एन्क्रिप्शन नव्हतंच. टीएलएस सुरू करणारी स्टार्टटीएलएस ही आज्ञा 1999 मध्ये आली, आणि आज ज्याचा आधार घेतात ते आरएफसी 3207 (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज) हे 2002 चं. सर्व्हर ते सर्व्हर मेल पोर्ट 25 वरून जातो आणि ते कनेक्शन उघडंच सुरू होतं. पाठवणारा ईएचएलओ ही नमस्काराची आज्ञा देतो, समोरचा आपल्याला काय काय येतं त्याची यादी देतो. यादीत स्टार्टटीएलएस दिसलं तर पाठवणारा ती आज्ञा देतो आणि तिथून पुढचं संभाषण टीएलएसच्या आत जातं. दिसलं नाही तर पाठवणारा काही न बोलता मेल उघडाच देऊन मोकळा होतो. सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची, मुदत संपलेली असो, त्यावर भलतंच नाव असो, ‘जमलं तर’ पद्धतीत सगळं चालतं.

म्हणजे वाटेत बसलेल्याने यादीतली ती एक ओळ खोडली की काम झालं. हे कागदोपत्री भय नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ट्युनिशियातून जीमेलकडे येणारे सुमारे 96 टक्के मेल याच कारणाने उघडे येताना आढळले होते. कधी कधी हा उद्योग आपल्याच दारातला फायरवॉल करतो. सिस्कोच्या फायरवॉलमधली एसएमटीपी तपासणी चालू असेल तर ‘250-स्टार्टटीएलएस’च्या जागी 250 पुढे सात एक्स आणि एक ए अशी आठ अक्षरं दिसतात. मूळ शब्दही आठच अक्षरांचा, त्यामुळे पॅकेटची लांबी बदलत नाही. अशी ओळ दिसली की मेल सर्व्हरला हात लावू नका, नेटवर्कवाल्यांना फोन करा.

तेव्हा करायच्या गोष्टी दोन: एन्क्रिप्शन नसेल तर मेल जाऊच नये, आणि समोरचा सर्व्हर खरंच हॉस्पिटलचा आहे याची खात्री झाल्याशिवायही जाऊ नये. पहिली केली आणि दुसरी सोडली, तर ज्याने डीएनएसचं, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचं, उत्तर बदललं त्याच्याशी तुम्ही उत्तम एन्क्रिप्शनमध्ये बोलाल.

हमीपत्र लिहिताना एक वाक्य न विसरता घाला: हे संरक्षण दोन सर्व्हरमधल्या तारेपुरतं आहे. पोचलेला मेल सर्व्हरवर उलगडलेला असतो. क्यूत (पुढे जाण्यासाठी थांबलेल्या मेलच्या रांगेत), मेलबॉक्समध्ये, बॅकअपमध्ये तो वाचता येतो. तिथेही झाकलेला हवा असेल तर मेलचा मजकूरच एन्क्रिप्ट करणारं एस/माइम किंवा पीजीपी लागेल, आणि ते काम वेगळं आहे.

पायरी 1: आधी पाहणी

हॉस्पिटलचे एमएक्स, म्हणजे त्या डोमेनचा मेल घेणारे सर्व्हर, शोधा:

डिग +शॉर्ट एमएक्स हॉस्पिटल.एक्झाम्पल

जितकी नावं येतील तितकी सगळी तपासा. पहिला एमएक्स नीटनेटका आणि दुसरा, म्हणजे राखीव, पाच वर्षांत कुणी न पाहिलेला, असं सर्रास असतं. सक्ती केल्यावर पहिला बंद पडला की मेल त्या दुसऱ्यावर जाऊन अडकतो.

ओपनएसएसएल एस_क्लायंट -स्टार्टटीएलएस एसएमटीपी -कनेक्ट एमएक्स1.हॉस्पिटल.एक्झाम्पल:25 -सर्व्हरनेम एमएक्स1.हॉस्पिटल.एक्झाम्पल -व्हेरिफाय_होस्टनेम एमएक्स1.हॉस्पिटल.एक्झाम्पल

ही आज्ञा मेल सर्व्हरवरूनच चालवा. घरच्या किंवा ऑफिसच्या इंटरनेटवर बाहेर जाणारं पोर्ट 25 बऱ्याचदा बंद असतं, आणि मग नसलेला दोष शोधण्यात दुपार जाते.

उत्तरात शेवटाकडे ‘व्हेरिफाय रिटर्न कोड’ येतो. 0 म्हणजे ठीक. 10 म्हणजे मुदत संपली. 18 म्हणजे सर्टिफिकेट स्वतःच स्वतःला दिलेलं. 62 म्हणजे नाव जुळत नाही. 20 किंवा 21 आला तर बहुधा समोरच्याने मधलं, म्हणजे इंटरमीडिएट सर्टिफिकेट लावलेलं नाही. हा शेवटचा दोष सगळ्यात जास्त भेटतो, कारण ब्राउझर अशी उणीव पुष्कळदा स्वतःच भरून काढतात आणि वेबसाइट व्यवस्थित उघडते. मेल सर्व्हर अशी मेहरबानी करत नाही. ‘आमचं सर्टिफिकेट ब्राउझरमध्ये बरोबर दिसतंय’ हे समोरून आलेलं उत्तर म्हणून मान्य करू नका.

पायरी 2: समोरच्यांशी ठरवून घ्या

तांत्रिक कामापेक्षा इथे जास्त वेळ जातो, आणि जायलाही हवा. हॉस्पिटलच्या आयटी विभागाला लेखी विचारा: मेल कोणकोणत्या डोमेनवर घेता? बिलिंगचं, भरतीचं, एखाद्या शाखेचं वेगळं सबडोमेन आहे का? मेल घेणारे आणि मेल पाठवणारे सर्व्हर एकच आहेत की निराळे? मध्ये कुणाचा स्पॅम गाळणारा गेटवे आहे का? असेल तर तुमचं टीएलएस त्या गेटवेपर्यंतच. तिथून आत काय होतं ते हॉस्पिटलने सांगायचं. सर्टिफिकेटवर नेमकी कोणती नावं आहेत?

आणि एक फोन नंबर घ्या, व्यक्तीच्या नावासह. ज्या दिवशी काही बिघडेल त्या दिवशी मेल बंद असेल. मेलवर कळवून उपयोग नाही.

शेवटचा मुद्दा दोन्हीकडच्या वरिष्ठांना आधीच समजावून ठेवा: टीएलएस जमलं नाही तर मेल थांबेल. सक्ती म्हणजे हेच. रिपोर्ट उशिरा पोचला तर चालेल पण उघडा जाता कामा नये, हे मान्य असेल तरच पुढे जा. तातडीच्या रिपोर्टसाठी पर्यायी वाट कोणती हेही त्याच बैठकीत ठरवा.

पायरी 3: आपलं सर्टिफिकेट

दुसऱ्याचं तपासण्याआधी आपलं घर झाडलेलं बरं. पोस्टफिक्स 3.4 पासून ‘एसएमटीपीडी टीएलएस चेन फाइल्स’ ही सेटिंग आहे. तिच्यात आधी खासगी की, मग पूर्ण साखळी असलेली फाइल, या क्रमाने द्या. सर्टबॉट (सर्टिफिकेट आपोआप आणणारं साधन) वापरत असाल तर ‘फुलचेन’ नावाची फाइल घ्यायची, ‘सर्ट’ नावाची नाही. दुसरीत मधलं सर्टिफिकेट नसतं, म्हणजे तुम्ही वरचा 21 नंबर हॉस्पिटलला भेट द्याल. सर्टिफिकेटवर तुमच्या एमएक्सचं नाव हवं, लॅब.एक्झाम्पल एवढंच असून एमएक्स1.लॅब.एक्झाम्पल नसेल तर तपासणी करणारा समोरचा ते नाकारेल.

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची नेहमीची सर्टिफिकेट 90 दिवसांची असतात. नवं सर्टिफिकेट डिस्कवर आलं तरी चालू असलेल्या प्रोसेस जुनंच दाखवत राहू शकतात, म्हणून सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय हुक’मध्ये (नवं सर्टिफिकेट आल्यावर आपोआप चालणाऱ्या आज्ञेत) ‘पोस्टफिक्स रीलोड’ टाकून ठेवा.

विकतचं सर्टिफिकेट घेऊन वर्षभर निवांत राहायचे दिवसही सरत आलेत. सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या आणि ब्राउझरवाल्यांच्या मंचाने 2025 मध्ये ठरवल्याप्रमाणे सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 च्या मार्चपासून 100 आणि 2029 च्या मार्चपासून 47 दिवस. हाताने बदलण्याची सवय आत्ताच सोडा. याच कारणाने ‘फिंगरप्रिंट’ पद्धत, म्हणजे समोरच्या सर्टिफिकेटचा ठसा जुळवणं, मी नवख्याला सुचवणार नाही. सुरुवातीला सोपी वाटते, पण समोरच्यांनी सर्टिफिकेट बदललं की त्याच क्षणी मेल अडतो.

पायरी 4: जाणारा मेल

मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये सगळ्या जगासाठी ‘जमलं तर’च ठेवायचं:

एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल = मे
एसएमटीपी_टीएलएस_सीएफाइल = /ईटीसी/एसएसएल/सर्ट्स/सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी
एसएमटीपी_टीएलएस_लॉगलेव्हल = 1
एसएमटीपी_टीएलएस_पॉलिसी_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/टीएलएस_पॉलिसी

सीएफाइल म्हणजे ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा त्या सर्टिफिकेट देणाऱ्यांची यादी; तिचा हा पत्ता डेबियन आणि उबुंटूचा आहे. काही नव्या लिनक्स वितरणांत नियमांच्या फाइलचा ‘हॅश’ प्रकार काढलेला आहे; ‘पोस्टकॉन्फ -एम’ने आपल्याकडे काय चालतं ते पाहा आणि तिथे ‘एलएमडीबी’ वापरा.

आता टीएलएस_पॉलिसी या फाइलमध्ये हॉस्पिटलपुरता नियम:

हॉस्पिटल.एक्झाम्पल सिक्युअर मॅच=एमएक्स1.हॉस्पिटल.एक्झाम्पल:एमएक्स2.हॉस्पिटल.एक्झाम्पल
.हॉस्पिटल.एक्झाम्पल सिक्युअर मॅच=.हॉस्पिटल.एक्झाम्पल

मग ‘पोस्टमॅप’ (ही फाइल पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारी आज्ञा) चालवा आणि ‘पोस्टफिक्स रीलोड’ करा. दुसऱ्या ओळीतला सुरुवातीचा टिंब मुद्दाम आहे. पहिली ओळ सबडोमेनना लागू होत नाही.

पातळ्यांमधला फरक समजून घ्या. ‘एन्क्रिप्ट’ म्हणजे टीएलएस हवंच, पण सर्टिफिकेट कुणाचं का असेना. ‘व्हेरिफाय’ सर्टिफिकेट तपासतं, मात्र डीएनएसने जे एमएक्सचं नाव सांगितलं त्याच्याशी जुळवून. डीएनएसच खोटं बोललं तर ही तपासणी त्या खोट्या नावाशी छान जुळते. ‘सिक्युअर’ मात्र तुम्ही फाइलमध्ये लिहिलेल्या नावाशीच जुळवतं, डीएनएसचं ऐकत नाही. दोन संस्थांच्या करारासाठी ‘सिक्युअर’च.

इथे नवखा माणूस हमखास अडखळतो ती जागा म्हणजे पॉलिसी फाइलमधलं डावीकडचं नाव. ते एमएक्सचं नसतं. पोस्टफिक्स तो मेल पुढे कुठे द्यायचा ठरवतं त्याचं, म्हणजे नेक्स्ट हॉपचं, ते नाव असतं. नेहमीच्या मांडणीत ते पत्त्यातलं डोमेन असतं. पण कोणत्या डोमेनचा मेल कुठे द्यायचा ते सांगणाऱ्या ट्रान्सपोर्ट फाइलमध्ये चौकटी कंसात एखादा सर्व्हर दिला असेल, तर पॉलिसीतही तेच, कंस आणि पोर्टसकट, अक्षर न अक्षर तसंच लिहावं लागतं. आणि तुमचा सगळा मेल इंटरनेट कंपनीच्या किंवा होस्टिंगवाल्याच्या रिले सर्व्हरमार्फत जात असेल, तर हॉस्पिटल.एक्झाम्पलचा नियम कधी वाचलाच जाणार नाही. लॉगमध्ये टीएलएस दिसेल, ते रिलेपर्यंतचं. त्यापुढे रिलेवाला काय करतो यावर तुमचा ताबा नाही. अशा वेळी हॉस्पिटलचा मेल थेट पाठवण्याची सोय करा, नाहीतर हमीपत्रावर सही करू नका.

आवृत्तीही बांधून टाका. टीएलएस 1.0 आणि 1.1 मार्च 2021 मध्ये अधिकृतपणे बाद झाले. पोस्टफिक्स 3.6 किंवा पुढचं असेल तर ‘एसएमटीपी टीएलएस मँडेटरी प्रोटोकॉल्स’मध्ये टीएलएस 1.2 किंवा त्यावरचं एवढं लिहिलं की पुरे. जुन्या पोस्टफिक्समध्ये नको असलेल्या एकेका आवृत्तीपुढे उद्गारचिन्ह देऊन यादी करावी लागते.

समोरचे मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलवर असतील तर

मायक्रोसॉफ्ट 365 वाल्यांचा एमएक्स सहसा मेल.प्रोटेक्शन.आउटलुक.कॉमखाली असतो. तिथे मॅच=.मेल.प्रोटेक्शन.आउटलुक.कॉम असं द्यायचं, कारण सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या नावाचं असतं. ते दाखवून सिद्ध होतं की समोर मायक्रोसॉफ्ट आहे. हॉस्पिटल आहे हे नव्हे. एवढी तडजोड इथे पत्करावी लागते. हॉस्पिटलने मायक्रोसॉफ्टची डेन सुविधा (सर्टिफिकेटची खूण डीएनएसमध्ये ठेवण्याची पद्धत) घेतली तर एमएक्स बदलून एमएक्स.मायक्रोसॉफ्टखाली जातो आणि तुमचा नियम मोडू शकतो. ‘असं काही करणार असाल तर आठवडाभर आधी सांगा’ हे पायरी 2 च्या कागदात असू द्या.

त्यांच्या बाजूची सक्ती त्यांनीच लावायची. एक्स्चेंज ॲडमिन सेंटरमध्ये मेल फ्लो, त्यात कनेक्टर्स, आणि पार्टनर संस्थेसाठीचा कनेक्टर. गूगल वर्कस्पेसमध्ये जीमेलच्या कंप्लायन्स विभागात सिक्युअर ट्रान्सपोर्ट नावाची सेटिंग.

पायरी 5: येणारा मेल

इथे मोह होतो की ‘एसएमटीपीडी टीएलएस सिक्युरिटी लेव्हल’ला ‘एन्क्रिप्ट’ देऊन टाकावं. देऊ नका. तो तुमचा सार्वजनिक एमएक्स आहे. ज्यांना टीएलएस येत नाही अशा सगळ्यांचे मेल परत जातील आणि आरएफसीलाही ते मान्य नाही. सगळ्यांसाठी ‘मे’ ठेवा आणि हॉस्पिटलपुरती अट घाला. ‘एसएमटीपीडी सेंडर रिस्ट्रिक्शन्स’मध्ये ‘चेक सेंडर ॲक्सेस’ देऊन एक फाइल जोडा, तिच्यात एक ओळ:

हॉस्पिटल.एक्झाम्पल रिजेक्ट_प्लेनटेक्स्ट_सेशन

आता हॉस्पिटलच्या पत्त्यावरून उघड्या कनेक्शनवर मेल आला तर तो मजकूर पाठवण्याआधीच अडवला जातो. उत्तर जातं 450, म्हणजे तात्पुरता नकार, त्यामुळे पाठवणारा पुन्हा प्रयत्न करत राहतो. ही अट पाठवणारा खरा हॉस्पिटलचाच आहे असं मात्र सांगत नाही. ते काम एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कचं.

‘एसएमटीपीडी टीएलएस रिसीव्ह्ड हेडर = यस’ केलंत तर आलेल्या प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये टीएलएसची आवृत्ती आणि सायफर नोंदला जातो. ऑडिटरने विचारलं की हेच दाखवायचं.

पायरी 6: मुद्दाम मोडून पाहा

आधी पोस्टफिक्ससोबत येणारं हत्यार:

पोस्टटीएलएस-फिंगर -एल सिक्युअर -एफ /ईटीसी/एसएसएल/सर्ट्स/सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी हॉस्पिटल.एक्झाम्पल एमएक्स1.हॉस्पिटल.एक्झाम्पल

यातला ‘एफ’ कॅपिटल आहे आणि शेवटचं नाव म्हणजे जुळवायचं नाव. ही आज्ञा तुमची पॉलिसी फाइल वाचत नाही; म्हणून यानंतर एक खरा मेल पाठवा आणि लॉग बघा. ‘टीएलएस कनेक्शन एस्टॅब्लिश्ड’ या शब्दांआधी काय आहे तेवढंच महत्त्वाचं. ‘व्हेरिफाइड’ असेल तर काम झालं. ‘ट्रस्टेड’ म्हणजे सर्टिफिकेट खरं, पण नाव जुळवलेलं नाही. ‘ट्रस्टेड’, ‘अनट्रस्टेड’ किंवा ‘अनॉनिमस’ असूनही मेल गेला, तर तुमचा नियम लागूच झालेला नाही; वरचा नेक्स्ट हॉपचा परिच्छेद पुन्हा वाचा.

मग पॉलिसीत मॅच=चुकीचं.एक्झाम्पल लिहा, पोस्टमॅप आणि रीलोड करा, चाचणीचा मेल पाठवा. ‘सर्व्हर सर्टिफिकेट नॉट व्हेरिफाइड’ असं कारण देऊन तो क्यूत थांबला पाहिजे. ‘पोस्टक्यू -पी’मध्ये दिसेल. मेल पोचला तर तुमची सक्ती सक्ती नाहीच. जे अडवायचं आहे ते खरंच अडतंय हे पाहिल्याशिवाय हे काम पूर्ण झालं म्हणू नये. झालं की नियम पूर्ववत करा आणि ‘पोस्टक्यू -एफ’ने क्यू हलवा. उलट दिशेची अशीच चाचणी हॉस्पिटलकडून करून घ्या.

थांबलेल्या मेलचं काय होतं

पोस्टफिक्स मूळ सेटिंगवर 5 दिवस प्रयत्न करतं आणि मग मेल परत पाठवतं. मधल्या काळात पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण ‘डिले वॉर्निंग टाइम’ मुळात शून्य, म्हणजे बंद, असतं. लॅबमधला माणूस रिपोर्ट गेला असं समजून बसतो आणि तिकडे डॉक्टर वाट पाहतात. ‘डिले वॉर्निंग टाइम’ 1 तास करा आणि त्या सूचनेचा अर्थ काय, कुणाला सांगायचं, हे रिपोर्ट पाठवणाऱ्यांना दाखवून ठेवा. ‘टीएलएस इज रिक्वायर्ड, बट वॉज नॉट ऑफर्ड’ असं लॉगमध्ये आलं तर समोरच्याने किंवा मधल्या फायरवॉलने स्टार्टटीएलएस काढलंय.

अशा वेळी वरून दबाव येतो की ‘तेवढ्यापुरतं मे करा’. तसं करायचंच झालं तर हॉस्पिटलच्या ठरलेल्या माणसाचा होकार घेऊन, वेळ नोंदवून करा, आणि बदल मागे घेण्याची जबाबदारी एका नावावर टाका. तात्पुरते बदल कायमचे राहतात ते नाव नसल्यामुळे.

भागीदार वाढले तर

पॉलिसी फाइल पाच-दहा संस्थांपर्यंत हाताने सांभाळता येते. त्यापुढे एमटीए-एसटीएस बघा, जे 2018 मध्ये आलं. त्यात तुम्ही डीएनएसमध्ये एक टेक्स्ट नोंद आणि एचटीटीपीएसवर एक छोटी पॉलिसी फाइल ठेवता; पाठवणारे ती वाचून सर्टिफिकेट तपासतात. जीमेल आणि मायक्रोसॉफ्ट ती पाळतात. सुरुवात ‘टेस्टिंग’ मोडने करा, सोबत टीएलएस रिपोर्टिंगची नोंद टाका, रोज येणारे अहवाल काही आठवडे वाचा, मगच ‘एन्फोर्स’. पॉलिसी बदलली की डीएनएसमधला आयडी बदलायला विसरतात. मग पाठवणारे जुनीच पॉलिसी धरून बसतात. पोस्टफिक्सला दुसऱ्यांची एमटीए-एसटीएस पॉलिसी स्वतःहून वाचता येत नाही, त्यासाठी वेगळा रिझॉल्व्हर जोडावा लागतो. डेन जास्त भक्कम आहे, पण मेल घेणाऱ्याच्या डोमेनवर आणि एमएक्सवर डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर सही, हवं.

नंतरची देखभाल

दोन्हीकडच्या प्रत्येक एमएक्सच्या सर्टिफिकेटची उरलेली मुदत रोज तपासणारी स्क्रिप्ट लावा. 14 दिवस उरले की ती ओरडली पाहिजे, आणि मेलवर नव्हे, एसएमएसवर. हॉस्पिटलकडे जाणाऱ्या मेलपैकी ‘व्हेरिफाइड’ नसलेली एकही ओळ लॉगमध्ये आली तर कळेल अशी सोय करा. भारतात असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत मेलचा लॉग काही आठवड्यांत पुसला जातो, तेव्हा जुने लॉग पुसणाऱ्या लॉगरोटेटची सेटिंग आजच वाढवा आणि डिस्कवर तेवढी जागा आहे का ते पाहून घ्या.